गोळा, गुंडा, उंडा, चेंडू



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी चार वर्षं बसलो. नवा शब्द शिकवायचा असला की ते आधी वस्तू हातात द्यायचे आणि मग विचारायचे, “याला तुमच्या घरी काय म्हणतात?” पुस्तकात काय म्हणतात ते नंतर. गुरुजींच्या नावाने बोलायचं तर त्यांच्याच रीतीने बोलावं, म्हणून आज पिशवीतून काही वस्तू आणल्या आहेत. या टेबलावर मांडतो. मागे बसलेल्यांना दिसाव्यात म्हणून एकेक वस्तू हात वर करून दाखवतो.

ही सुपारी. हा खोबऱ्याचा गोटा. हा लोकरीचा गुंडा, आमच्या घरातल्या विणकामातला. ही काचेची गोटी. हा रबरी चेंडू. आणि या झाकलेल्या वाटीत कणकेचा एक उंडा, दुपारीच मळलेल्या पिठातला, म्हणून अजून मऊ आहे.

सहा वस्तू आणि सहाही वाटोळ्या. आता शाळेतल्या इंग्रजी पुस्तकात पाहा. सुपारी आणि गोटी सोडली, तर बाकीच्या बऱ्याचशा वस्तूंना तिथे एकाच शब्दाने हाक मारलेली सापडेल. बॉल. लोकरीचा तोही बॉल, पिठाचा तोही बॉल, खेळायचा तर बॉलच.

गेल्या मे महिन्यात आमच्या शेजारची पाचवीतली मुलगी इंग्रजीची वही घेऊन ओसरीवर आली. वाक्यांचं मराठी करायचं होतं. स्वयंपाकघरातलं एक वाक्य होतं आणि तिने त्याचं मराठी लिहिलं होतं, ‘आईने कणकेचा चेंडू केला.’ मी तिला एवढंच विचारलं, “तुझी आई पोळपाटावर काय घेते गं लाटायला?” ती म्हणाली, “उंडा.” लगेच म्हणाली, जराही न थांबता. म्हणजे शब्द तिच्याजवळ होता. तिच्या जिभेवर होता, हाताच्या बोटांत होता. वहीत मात्र तो उतरला नव्हता, कारण शाळेत कोणी तरी तिला शिकवलं होतं की बॉल म्हणजे चेंडू.

त्या मुलीची चूक नाही. तिची शिक्षिका चुकली असंही मी म्हणणार नाही. आपण सगळेच हळूहळू असं करायला लागलो आहोत. एका इंग्रजी शब्दासमोर एक मराठी शब्द ठेवायचा आणि उरलेले वीस शब्द फडताळात बंद करायचे. आज मला त्या फडताळाचं दार उघडायचं आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं. आपल्या भाषेत वाटोळ्या वस्तूचं नाव पुष्कळदा नुसत्या आकारावरून पडत नाही, हाताने त्या वस्तूचं काय केलं त्यावरून पडतं. नाव ऐकलं की कोणाचा तरी हात चालताना दिसतो. तो दिसेनासा झाला, तर शब्द गेलाच आणि त्याच्याबरोबर एक काम करण्याची रीतही गेली.

स्वयंपाकघरापासून सुरुवात करू, कारण ही श्रीमंती तिथेच जास्त आहे.

पीठ मळून झालं की परातीत जो एक मोठा ऐवज होतो तो गोळा. त्यातून एका पोळीपुरता तोडला, तळहातावर फिरवून गुळगुळीत केला, की तो उंडा. पुऱ्यांसाठी अगदी लहान लहान तोडले की त्या लाट्या, कारण त्या लाटायच्या आहेत. पीठ तेच आणि परातही तीच, पण तीन टप्प्यांना तीन नावं. ताक घुसळून वर आलेलं लोणी हाताने गोळा करून पाण्यात सोडलं, तर तो लोण्याचा गोळा. त्याला कोणी लोण्याचा उंडा म्हणेल का? नाही म्हणणार, कारण लोणी लाटायचं नसतं. डाळीचं पीठ भिजवून आमटीत सोडले ते गोळे, म्हणून गोळ्यांची आमटी. मेथी घालून पीठ मळलं आणि मुठीत दाबून सोडलं, तर तो मुटका. मुटक्यावर बोटांचे ठसे राहतात आणि ते राहावेतच, कारण मूठ त्याच्या नावातच आहे. थंडीत पांघरुणात शिरून गुडघे पोटाशी घेतलेल्या पोराला आजी काय म्हणते? “बघा, कसं अंगाचं मुटकुळं करून निजलंय.” ते पोर आजीला एका मुठीत मावेल एवढं दिसतं, म्हणून हा शब्द.

आणि लाडू? लाडू कोणी ‘बनवत’ नाही हो. निदान परवापर्यंत बनवत नव्हतं. लाडू वळतात. ज्यांनी आईला रव्याचे लाडू वळताना पाहिलंय त्यांनी जरा आठवावं. मिश्रण गरम असतं, गार झालं तर वळत नाही. हाताला तूप लावायचं, मूठभर घ्यायचं, बोटं आवळायची, सोडायची, पुन्हा आवळायची आणि मुठीतल्या मुठीत फिरवत राहायचं. पहिला लाडू मोडतो, दुसऱ्याला भेग पडते. मग अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल भाग एकदा सगळ्या बाजूंनी फिरतो आणि भेग मिटते. वर एक बेदाणा टेकवायचा. हे सगळं ‘वळणे’ या एका क्रियापदात आहे.

आता या क्रियापदाचा पसारा बघा. काथ्याचा सुंभ वळतात, तुपातले लाडू वळतात. संध्याकाळी रानातली गुरं वळून आणतात. अक्षराला वळण असतं. मुलाला वळण लावायचं असतं. सैल, विस्कटलेलं, चौफेर पांगलेलं काही तरी हाताने धरून, न तोडता, एका दिशेला आणायचं. लाडूत तेच, सुंभात तेच, गुरांत तेच. मुलाला वळण लावताना आपण जोराने दाबलं तर काय होतं, हे लाडू वळणाऱ्या बाईला विचारावं. तिला बरोबर ठाऊक असतं की किती आवळायचं.

आता स्वयंपाकघरातून मागच्या दारी, वाडीत येऊ. मुरुडच्या माणसाला नारळ-पोफळीबद्दल काय सांगायचं? तुम्हीच मला सांगायला हवं. तरीही उजळणी करू, कारण मुलं बसली आहेत. नारळाला इंग्रजीत कोवळा, सुका अशी विशेषणं लावावी लागतात. आपण प्रत्येक वयाला नाव दिलं. पाणी आणि मलईसाठी उतरवला ते शहाळं. शहाळ्यापुढे गेला पण पुरता नारळ झाला नाही, तो अडसर. पुरता झाला आणि सोडणासकट आहे तो असोला. आणि हा माझ्या हातातला गोटा. हा कसा होतो? पुरता तयार झालेला नारळ आठ-दहा महिने माळ्यावर तसाच ठेवायचा. आतलं पाणी हळूहळू आटतं, खोबरं आकसतं, करवंटीला धरलेलं सुटतं, आणि एक दिवस नारळ कानाशी धरून हलवला की आत काही तरी खुळखुळतं. तोपर्यंत फोडायचा नाही. मग सोडण काढून करवंटी हलक्या हाताने फोडली की आतून हा अख्खा गोटा निघतो. घाई केली तर गोटा मिळत नाही, दोन वाट्या मिळतात. दगडगोट्यातला गोटा आणि हा गोटा, शब्द एकच. घट्ट, आपल्या आपण वाटोळा झालेला, हातात वजन देणारा. त्याचंच लहान रूप ही गोटी.

सुपारीचं काय? सुपारी हे आपलं माप आहे. चिंच किती घालायची असं सुनेने विचारलं की सासू ग्रॅम सांगत नाही, म्हणते, “सुपारीएवढी.” जास्त माणसं असली तर “लिंबाएवढी.” अंगावर गाठ आली तर माणूस डॉक्टरला सांगतो, “आधी हरभऱ्याएवढी होती, आता बोराएवढी झाली.” मोहरी, हरभरा, बोर, सुपारी, आवळा, लिंबू, नारळ. पाहा, ही केवढी सरळ चढती पट्टी आहे. प्रत्येक पायरी बोटांनी ओळखायची. मोहरी चिमटीत येते, सुपारी तीन बोटांत, लिंबू मुठीत, आणि नारळाला दोन हात लागतात. माझ्या आईला वजनाचा काटा कधी लागला नाही, पण तिच्या आमटीतला आंबटपणा कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

आता चेंडूकडे येतो. मुलं मघापासून या रबरी चेंडूकडेच बघत आहेत.

चेंडू हा शब्द आपण आणि कानडी माणूस मिळून वापरतो. कानडीत तो चेंडु आहे. संस्कृतातला कंदुक पोथीत राहिला आणि हिंदीने गेंद घेतला. आपण मात्र दक्षिणेकडच्या शेजाऱ्याचा शब्द अंगणात आणला. तो इतका घरचा झाला की गोकुळातला कृष्ण यमुनेकाठी खेळतो तेव्हा त्याच्या हातात आपल्या संतांनी चेंडूच दिला. कालियाच्या डोहात पडला तोही चेंडूच.

इथे एक गमतीची गोष्ट सांगावीशी वाटते. दसऱ्याला दाराला तोरण कशाचं लावता? झेंडूचं. हे फूलझाड मूळचं अमेरिका खंडातलं, मेक्सिकोकडचं. गेल्या चार-पाचशे वर्षांत ते आपल्याकडे आलं. नवं फूल दारात आलं तेव्हा आपल्या लोकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि काय नाव दिलं? हिंदीत गेंद म्हणजे चेंडू, फुलाचं नाव गेंदा. तेलुगूत बंति म्हणजे चेंडू आणि हे फूलही बंति. कानडीत तर सरळ चेंडुहूवु, म्हणजे चेंडूचं फूल. आणि आपला झेंडू चेंडूच्या शेजारी उभा आहे. एवढ्या लांबच्या मुलखांतली माणसं, एकमेकांना न विचारता, त्या फुलात चेंडू पाहतात. परकं फूल आपलं करून घ्यायला त्यांनी परकं नाव शोधलं नाही, हातातलं खेळणं त्याला दिलं.

आमच्या लहानपणी विकतचा चेंडू वर्षातून एकदा मिळायचा, तोही समुद्राने ओढून नेला तर संपलं. मग आम्ही घरी करायचो. मधे एक सुपारी. तिच्यावर सोडणातून काढलेला काथ्या गच्च गुंडाळायचा. काथ्यावर जुन्या लुगड्याच्या चिंध्या. मग वरून सुतळी, उभी, आडवी, तिरपी, आणि शेवटी आजीच्या पाया पडून गोधडीच्या सुईने टाके. मोठा झाल्यावर क्रिकेटचा खरा चेंडू कापलेला पाहिला तेव्हा मी चकित झालो. मधे बूच, त्यावर घट्ट गुंडाळलेला दोरा, आणि वर शिवलेलं चामडं. रचना हुबेहूब तीच! सुपारीच्या जागी बूच आणि चिंध्यांच्या जागी कातडं, एवढाच फरक. म्हणून मराठीत चेंडू शिवतात. लोकरीचा गुंडा शिवत नाहीत, तो गुंडाळतात, आणि तो पुन्हा उलगडण्यासाठीच असतो. चेंडू उलगडला तर मोडला. आता त्या मुलीच्या वहीतला ‘कणकेचा चेंडू’ तुमच्या कानाला का खटकला, ते लक्षात आलं ना?

चेंडू फेकणाऱ्याला आपण काय म्हणतो? गोलंदाज. आता हा शब्द घेऊन समुद्रावर जाऊ.

इथून किनाऱ्याने उत्तरेला गेलं की हर्णै, आणि हर्णैसमोर पाण्यात सुवर्णदुर्ग. गोलंदाज या शब्दाचं पहिलं घर त्या बुरुजावर आहे. शब्द फारसी. अंदाज म्हणजे फेकणारा. तीर फेकणारा तो तिरंदाज आणि गोळा फेकणारा तो गोलंदाज, म्हणजे तोफेवरचा माणूस. १७५५ च्या एप्रिलमध्ये तुळाजी आंग्र्यांच्या ताब्यातल्या या किल्ल्यावर कमोडोर जेम्सने ‘प्रोटेक्टर’ जहाजावरून तोफा डागल्या. पेशव्यांचं बळ त्या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूला होतं. किल्ल्यातल्या दारूसाठ्याचा स्फोट झाला आणि किल्ला पडला. आपल्याच माणसांनी परक्याला हाताशी धरून आपलं आरमार खिळखिळं केलं, याचं दुःख मला या किनाऱ्यावर आलो की दर वेळी होतं. जेम्सच्या पश्चात त्याच्या पत्नीने १७८४ मध्ये लंडनजवळच्या टेकडीवर त्याच्या स्मरणार्थ मनोरा बांधला. तो आजही उभा आहे. नाव काय? सेव्हर्नड्रूग. सुवर्णदुर्ग या नावाचं इंग्रजी जिभेवर जे झालं ते.

त्या बुरुजावरच्या गोलंदाजाचं पुढे काय झालं? तोफा थंड झाल्या, शब्दाचं काम गेलं. मग क्रिकेट आलं आणि हा बेकार शब्द पुन्हा कामाला लागला. बाळ ज. पंडितांनी रेडिओवरून मराठीत सामन्याचं धावतं वर्णन केलं, तेव्हा असे शब्द घराघरात गेले. गोलंदाजाच्या जोडीला फळी घेणारा फलंदाज आला. फलंदाज काही फळी फेकत नाही, तरी शब्द शोभून दिसतो, कारण तोवर ‘अंदाज’ या शेपटाला आपल्या कानात कसबाचा अर्थ आला होता. ज्या शब्दाने माणसं मेली त्या शब्दाने आज मुरुडच्या पुळणीवर ओहोटीच्या वेळी पोरं खेळतात. एखाद्या शब्दाचा याहून चांगला पुनर्जन्म मला माहीत नाही.

पण गोलंदाज म्हटल्यावर एक नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. पालवणकर बाळू. डाव्या हाताचे संथ गोलंदाज. चर्मकार समाजात जन्मलेले. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या जिमखान्यावर मैदानाची कामं करता करता नेटमध्ये त्यांनी साहेबांना गोलंदाजी केली. पुढे हिंदू संघाला त्यांच्या हाताची गरज पडली आणि त्यांना संघात घेतलं. खेळताना सगळे त्याच चेंडूला हात लावत. चहाची वेळ झाली की बाळूंना चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा या माणसाने ११४ बळी घेतले. चेंडू चामड्याचा. ते चामडं कमावणारे हात कोणत्या समाजाचे, शिवणारे हात कोणाचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चेंडू चालला, हात चालला नाही. वस्तूच्या नावात हात दिसतो असं मी मघापासून सांगतो आहे. तो पाहूनही न पाहिल्यासारखं करण्याचं पाप आपल्या समाजाने केलेलं आहे, हेही याच व्यासपीठावरून सांगायला हवं.

गोळा हा शब्द मी अजून सोडलेला नाही. त्याची एक जागा राहिली आहे, आणि ती मुरुडात बोलताना सोडून चालणार नाही.

आपण म्हणतो, ‘वर्गणी गोळा केली.’ ‘माणसं गोळा झाली.’ जमवणे, एकत्र आणणे याला आपण गोळा करणे म्हणतो. विखुरलेलं लोणी ताकातून जसं हाताने एका जागी आणायचं, तसं. हिशेबातही आपण गोळाबेरीज करतो. महर्षी धोंडो केशव कर्वे १८५८ साली शेरवलीत जन्मले आणि या गावात लहानाचे मोठे झाले. आयुष्यभर त्यांनी काय केलं? गोळा केलं. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला तेव्हा दारोदार फिरून. १९१६ मध्ये महिलांचं विद्यापीठ उभं राहिलं तेव्हा गावोगाव. आणि सत्तरी उलटल्यावर, १९२९ पासून युरोप, अमेरिका आणि पुढे आफ्रिका. पै-पैशाने, रुपयाने, जे मिळेल ते. गावासाठी मुरुड फंडही त्यांनी असाच उभा केला. मोठी देणगी देणाऱ्याचं नाव इमारतीवर लागतं. दारोदार गोळा करणाऱ्याच्या पायांना फोड येतात. महर्षींना १९५८ मध्ये भारतरत्न मिळालं ते वयाच्या शंभराव्या वर्षी. मला वाटतं, मुरुडच्या शाळेत ‘गोळा करणे’ हा वाक्प्रचार शिकवताना वाक्यात उपयोग म्हणून हाच माणूस सांगावा.

आता एका नाजूक शब्दाकडे थोडक्यात. वाटोळं. मघापासून मी ‘वाटोळी वस्तू’ म्हणतोय आणि काही वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी पडली, हे मला दिसलं. घरात बाईमाणसं म्हणतात, “असं अभद्र बोलू नये.” संस्कृत वर्तुल शब्दाची दोन मुलं. एक वर्तुळ, ते शिकून भूमितीच्या तासाला बसलं. दुसरं वाटोळं, ते घरात राबलं आणि त्याच्या वाट्याला नाशाचा अर्थ आला. का आला असेल? मला वाटतं, शून्यामुळे. घरादाराची बेरीज-वजाबाकी करून शेवटी पाटीवर जे एक वाटोळं चिन्ह उरतं, ते. पण त्याच चिन्हाला आपले जुने हिशेबनीस पूज्य म्हणत! पाटीवर एकच आकार. एकाने त्याला नमस्कार केला आणि दुसऱ्याने त्याच्याकडे पाहून कपाळावर हात मारला. आणि परीक्षेत तो मिळाला की मुलं भोपळा म्हणतात. मला विचाराल तर वाटोळा हा चांगला, कामाचा शब्द आहे. चंद्राला, भाकरीला, बाळाच्या चेहऱ्याला तो पुन्हा लावावा.

इंग्रजीला मी कमी लेखत नाही. त्या भाषेतही हात आहेत, फक्त ते खोल गेले आहेत. मतपत्रिकेला ते बॅलट म्हणतात. तो शब्द इटलीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ लहान गोटी, कारण तिथे पेटीत गोट्या टाकून मत देत. बुलेट म्हणजेही मुळात लहान गोळाच, आणि औषधाची पिल हीसुद्धा लॅटिनमधली छोटी गोळी. आपणही बंदुकीची ती गोळी आणि औषधाची तीही गोळीच म्हणतो. दोन्हीकडच्या माणसांनी तळहातावर तीच वस्तू पाहिली. नाचाचा बॉल मात्र वेगळ्या घराण्यातला, त्याचा चेंडूशी संबंध नाही. मुलांनी इंग्रजी उत्तम शिकावं. फक्त भाषांतर करताना त्यांनी आधी आईच्या हाताकडे पाहावं.

वेळ झाली आहे, कार्यकर्ते घड्याळाकडे पाहत आहेत. एक काम तुमच्यावर सोपवतो.

दाराशी बाकावर एक कोरी वही ठेवली आहे, पेनही बांधून ठेवलं आहे. जाताना प्रत्येकाने तुमच्या घरी, वाडीत, होडीवर, शिवणकामात, गुरांच्या गोठ्यात कोणत्याही वाटोळ्या वस्तूला जो शब्द वापरतात तो लिहावा. कोळीवाड्यातल्या मावशींनी जाळ्याला, वजनाला, तरंगत्या खुणेला काय म्हणतात ते जरूर लिहावं, कारण मला ते माहीत करून घ्यायचं आहे. शुद्धलेखनाची काळजी करू नका. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी नातवंडांकडून लिहून घ्या. शब्दाच्या पुढे एक ओळ मोकळी सोडली आहे. त्या वस्तूचं हाताने काय करतात, ते तिथे लिहायचं. पहिल्या पानावर मी ‘उंडा’ लिहिला आहे आणि पुढची ओळ मोकळी ठेवली आहे. ती त्या पाचवीतल्या मुलीने भरायची आहे. ती आज इथे पुढे बसली आहे.